पुरणयंत्र कुणाकडे आहे?

बँकेत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढ्या एकाच पुराव्यावर आमच्या घरच्यांनी मला कॉम्प्युटर इंजिनिअर ठरवून टाकलं आहे. या हिशेबानं रोज पीएमपीनं हापिसात जाणाऱ्या माणसाला बसचं इंजिन खोलता यायला हवं. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर काकू म्हणाली, "अरे, पण तुला निदान कुठलं बटण दाबायचं नाही ते तरी कळतं." त्यामुळे मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी नानांचा फोन आला, "जरा येऊन जा, पेटी आलीय," तेव्हा मी कापडी पिशवी घेऊनच निघालो. मे महिन्यात कुणी पेटी आली म्हटलं तर माणसाला दुसरं काय वाटणार?

पेटी आंब्याची नव्हती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आली होती. पांढरी, आडवी, डाव्या कडेला लाल गोळ्यात फुली. आतल्या इंग्रजी मजकुराचा अर्थ असा, की कोड पुढे चालू शकत नाही, कारण एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल ही फाइल सापडली नाही. प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल केल्यास ही अडचण कदाचित दूर होईल. खाली एकच बटण : ओके.

"काय ओके?" नाना म्हणाले. "माझे अठराशे रुपये गेलेत आणि हा मलाच विचारतोय, ओके?"

नानांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. दूध नासलं असं घरात कुणी सांगितलं, तर आपणही 'बरं'च म्हणतो, पण निदान तोंड वाकडं करून म्हणता येतं. इथे तीही सोय नाही. कोपऱ्यातली फुली दाबली तरी तिचा अर्थ ओकेच. मी ओके दाबलं. पेटी गेली आणि तिच्या जागी तश्शीच दुसरी आली. हिच्यात व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नव्हती.

"थोरली नाही, धाकटीही नाही," असं पुटपुटत नानांनी दोन्ही नावं वहीत उतरवून घेतली, शेजारी वेळ घातली आणि खाली रेघ मारली.

नाना पाटबंधारे खात्यातले. पाणी कधी सोडलं आणि कधी अडवलं याच्या नोंदी करता करता त्यांना नोंदींचंच व्यसन लागलं. छंद म्हणून ते पत्रिका पाहतात. पैसे घेत नाहीत. नारळ घेतात, आणि तोही काकू पुढच्या हळदीकुंकवाला कुणाच्या तरी ओटीत घालते. त्यांची खरी दौलत म्हणजे दिवाणावरची फळी. तिच्यावर चाळीसेक वर्षांची दाते पंचांगं ओळीनं लावलेली असतात. असायची म्हणू या. कुणाची पत्रिका हातानं मांडायची तर त्याच्या जन्मसालचं पंचांग लागतं आणि ते नानांकडे असतं, हे साऱ्या पेठेला ठाऊक. मग कुणीतरी 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणत नेतं. आता ती फळी सहा वर्षांच्या पोराच्या तोंडासारखी दिसते, मधेमधे खिंडारं. शके १९१६ तीन वर्षांपासून बेपत्ता आहे, आणि नेमकं १९९४ च्या दिवाळीत जन्मलेल्या एका मुलाचं स्थळ आमच्या धाकट्या आतेबहिणीला सांगून आलं होतं.

म्हणून नानांनी एका प्रदर्शनातून ही सीडी आणली. शंभर वर्षांचं पंचांग एका चकतीत; कुणी मागायला येणार नाही. समोरच्या दारातले वकीलकाका बरोबर होते. त्यांनीही एक सीडी घेतली, पण वरचा कागद फोडला नाही. "आधी तुमचं चालू दे नाना, मग मी फोडतो," हा त्यांचा सल्ला, फुकट दिलेला.

"हे डीएलएल म्हणजे काय?" नानांनी वहीतून मान वर केली.

"डायनॅमिक लिंक लायब्ररी."

"लायब्ररी?" ते एकदम सावध झाले. "मग कुणीतरी नेलं असणार. रजिस्टर बघ."

मी हसलो. चार दिवसांनी मला ते हसू गिळावं लागलं, पण ते पुढे.

पेटीतल्या मजकुरात आशेला एक फट ठेवलेली होती. पुन्हा इन्स्टॉल केल्यास अडचण दूर होईल, पण नुसती होईल नव्हे, 'मे' होईल. हा 'मे' नानांनी तत्काळ ओळखला. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' या वाक्याखाली त्यांनी एकतीस वर्षं सह्या केल्या आहेत. "होईल असंही नाही, होणार नाही असंही नाही. लिहिणारा मुरलेला आहे," असा शेरा मारून त्यांनी पुन्हा इन्स्टॉल करायला मंजुरी दिली, पण लगेच नाही. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ, आणि पहिल्यांदा सीडी आत गेली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मूळ दोष तिथेच होता. सहा वाजून एक मिनिटानं आम्ही प्रोग्रॅम काढला आणि परत घातला. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली, शंभर टक्के झाले, अभिनंदनही झालं. चिन्हावर दोनदा टिचकी मारली. पेटी.

राहूची निर्दोष सुटका झाली.

सोमवारी मी बँकेतून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोराला फोन केला. मी अजून 'नमस्कार'च्या नमपर्यंत आलो होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." पूर्वीचे वैद्य जसे पोट दुखो की डोकं, आधी एरंडेल पाजायचे, तसा या लोकांचा फॉरमॅट. सगळंच धुऊन काढायचं, मग दुखणं कुठे होतं हे विचारायचं कारणच उरत नाही. नानांच्या कॉम्प्युटरवर नातवंडांचे बारशापासूनचे फोटो होते. एरंडेल नको म्हटलं.

बँकेतल्या एकानं सांगितलं की काळ्या खिडकीत एसएफसी स्कॅननाऊ असं टाइप कर, विंडोज स्वतःच्या फायली स्वतः तपासतं. संध्याकाळी ते केलं. काळ्या पडद्यावर पांढरे टक्के मुंगीच्या पावलानं चढत होते. वीस टक्क्यांवर काकूनं चहा दिला, पन्नासवर वकीलकाका डोकावून गेले, शंभरावर निकाल आला : माझ्याकडे काहीही बिघडलेलं नाही. आणि हे खरं होतं. हरवलेली फाइल विंडोजच्या स्वतःच्या सामानातली नव्हतीच. ती बाहेरून येणारी, त्यामुळे ती नाही याचं विंडोजला सोयरसुतक नव्हतं. आपल्या वर्गातल्या पोरांची हजेरी पूर्ण आहे, शेजारच्या वर्गातलं कोण आलं नाही ते तिकडे विचारा.

मग मी जे करू नये ते केलं. इंटरनेटवर त्या फाइलचं नाव टाकलं.

हरवलेल्या डीएलएल एकेकट्या, फुकट वाटणारी दुकानं तिथे ओळीनं मांडलेली आहेत. अशा पानावर डाउनलोडची तीन मोठी हिरवी बटणं असतात. ती तिन्ही आपली नसतात. आपलं असतं ते कोपऱ्यातलं, करड्या रंगाचं, वाचायला चष्मा लागेल असं. मी दोनदा चुकलो. पहिल्या चुकीत ब्राउझरचं पहिलं पान बदललं, दुसरीत एक 'दुरुस्ती करणारा' प्रोग्रॅम घरात शिरला आणि त्यानं न सांगता कॉम्प्युटरची नाडी बघून हजारावर रोग शोधून काढले. बरे करायला पैसे पडत होते. त्याला हाकलण्यात तासभर गेला. कुणा अनोळखी माणसानं फुकट वाटलेली फाइल थेट विंडोजच्या देवघरात नेऊन ठेवणं म्हणजे स्टेशनवर भेटलेल्याला घराची किल्ली देणं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण नाना मागे उभे होते, हातात वही होती, आणि इंजिनिअरची अब्रू होती.

तिसऱ्यांदा योग्य बटण सापडलं. तिथे दोन प्रकार होते, बत्तीस बिटांची फाइल आणि चौसष्ट बिटांची. कॉम्प्युटर चौसष्टवाला, आकडाही मोठा, शिवाय कलाही चौसष्टच. मी चौसष्ट घेतली. सिस्टीम३२ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायला लागलो, तर विंडोज म्हणालं की यासाठी प्रशासकाची परवानगी लागेल. घरात प्रशासक एकच, नाना. ते मागेच उभे होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली, मी 'पुढे चला' दाबलं, आणि परवानगी मिळाली. एवढ्या लवकर परवानगी मिळालेली नानांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

प्रोग्रॅम चालवला. पेटी. एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडली नाही.

"ही काय, आहे की!" नानांनी पडद्यावर बोट ठेवलं. बोटाचा ठसा अजून आहे तिथे. फोल्डर उघडा होता, फाइल ढळढळीत दिसत होती, नावात एका अक्षराचा फरक नव्हता, आणि पलीकडे पेटी सांगत होती की नाही सापडली. ताटात वाढलेली पोळी समोर असताना 'पोळी कुठाय' म्हणणारी माणसं आमच्याकडे आहेत, पण ती निदान पेपर वाचत असतात.

याचं कारण मला मंगळवारी रात्री एक वाजता कळलं, आणि ते कळल्यावर मी काही वेळ नुसता बसून राहिलो. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये सिस्टीम३२ या फोल्डरात चौसष्ट बिटांच्या फायली असतात. आणि बत्तीस बिटांच्या फायली ज्या फोल्डरात असतात, त्याचं नाव सिसवाव६४. मी हे तीनदा वाचलं. छपाईची चूक नाही. झालं असं की जुने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या हजारो लोकांनी आपापल्या वहीत 'सिस्टीम३२' हा पत्ता पक्क्या शाईनं लिहून ठेवला होता. चौसष्टचा जमाना आला तेव्हा हा पत्ता बदलला असता, तर प्रत्येकाला आपला प्रोग्रॅम खोडून परत लिहावा लागला असता. म्हणून पाटी तीच ठेवली, आतली बिऱ्हाडं बदलली. बत्तीस बिटांचा एखादा म्हातारा प्रोग्रॅम आला आणि सिस्टीम३२ कुठे म्हणून विचारू लागला, की त्याला काही न सांगता हात धरून सिसवाव६४ कडे नेतात. त्याला वाटतं आपण सिस्टीम३२ मध्येच आलो.

पुण्याच्या माणसाला याचा फार धक्का बसायचं कारण नव्हतं. आमच्याकडे शंभर वर्षांच्या पुलाला नवा पूल म्हणतात आणि रविवार पेठ आठवडाभर उघडी असते. तरी पण बसला. नानांचा पत्रिकेचा प्रोग्रॅम बत्तीस बिटांचा होता. तो बिचारा दुसऱ्याच खोलीत शोधत होता.

लगेच मी ती फाइल उचलून सिसवाव६४ मध्येही ठेवली. आता पेटी बदलली : ॲप्लिकेशन नीट सुरू होऊ शकलं नाही, आणि पुढे आकडा, ०एक्ससी०००००७बी. बत्तीसच्या प्रोग्रॅमला चौसष्टची फाइल दिली की हा आकडा येतो. फाइल सापडली, पण उपयोगाची नाही. हा मुलगा आपल्यातला नाही असं त्याचं म्हणणं. शेवटी सूचना होती, की ॲप्लिकेशन बंद करण्यासाठी ओके दाबा. जे सुरूच झालं नाही ते बंद करायला माझी संमती! मी दिली. नानांना सकाळी फोनवर आकडा सांगितला, तर त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला. "पाच शून्यं?" "हो, पाच." "लिहिलं."

बुधवारी काकूनं विषयात लक्ष घातलं. कॉम्प्युटरमुळे नव्हे, चार दिवस तिची दुपारची मालिका बघायला नाना तिच्याशेजारी बसले नव्हते, म्हणून.

"पण हरवलंय काय नक्की?" तिनं विचारलं. "तुमचाच प्रोग्रॅम, पैसे देऊन आणलेला. मग त्यातलं सामान त्याच्याबरोबर का नाही आलं?"

मी सांगायला लागलो. प्रत्येक प्रोग्रॅमला काही कामं सारखीच करावी लागतात. ती कामं करणारा भाग प्रत्येकानं आपापल्या पोटात घेऊन हिंडण्यापेक्षा एकाच ठिकाणी ठेवायचा आणि ज्याला लागेल त्यानं तिथून वापरायचा, अशी ही पद्धत. १९८५ साली पहिलं विंडोज आलं तेव्हा त्याला निदान २५६ किलोबाइट मेमरी लागायची. आज सकाळी सकाळी येणारा गुलाबाचा आणि वाफाळत्या कपाचा एक फोटो त्यात जेमतेम मावेल. एवढ्याशा जागेत सगळ्यांनी सगळं आपलं आपलं आणलं असतं तर पाय ठेवायला जागा उरली नसती, म्हणून...

"म्हणजे आपल्या वाड्यातलं पुरणयंत्र," काकू म्हणाली.

मी थांबलो. पुढचं सगळं तिनंच सांगितलं.

त्यांचा वाडा पाडून आताची इमारत झाली. त्याआधी तिथे अकरा बिऱ्हाडं होती आणि पुरणयंत्र एक. मालकीणबाईंचं, पितळी, चांगलं जड, दांड्याला लाकडी मूठ आणि ती मूठ सैल. वर्षातून दोन-चारदा लागणारी वस्तू अकरा घरांनी कशाला घ्यायची? ज्याच्या घरी पुरण, तो जाऊन आणायचा, घासून परत द्यायचा. वर्षानुवर्षं छान चाललं होतं. मग माडीवर नव्या वहिनी राहायला आल्या. त्यांना पुरण लोण्यासारखं लागायचं. त्यांनी तुळशीबागेतून बारीक भोकांची जाळी आणली, यंत्राला बसवली आणि यंत्र परत केलं. जुनी जाळी कुठे गेली ते कुणालाच सांगता आलं नाही. होळीला सगळ्यांनी वहिनींचं कौतुक केलं. अक्षय्य तृतीयेला मागच्या खोलीतल्या काकूंनी त्याच यंत्रातून आमरस काढायला घेतला. रायवळ आंबे, दोऱ्यांचे. चार आंब्यांत जाळी बंद. जोर लावला तर मूठ हातात आली.

"तिनं काही वाईट केलं नव्हतं रे," काकू म्हणाली. "पुरण खरंच छान निघायचं. पण सामाईक वस्तूला हात लावताना आणखी दहा घरं आहेत, हे ध्यानात नको का ठेवायला?"

जगभरचे कॉम्प्युटरवाले या प्रकाराला डीएलएल हेल म्हणतात. हेल म्हणजे नरक. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात तो रोजचा होता. नवा गेम टाकला की तो आपल्याला हवी ती डीएलएल जुनीच्या डोक्यावर बसवून द्यायचा आणि तिकडे छपाईचा प्रोग्रॅम आंब्याच्या दोऱ्यांसारखा अडकायचा. विंडोज २००० पासून विंडोज आपल्या स्वतःच्या फायलींवर पहारा ठेवू लागलं, कुणी जाळी बदलली की ते मागल्या दारानं जुनी परत बसवायचं.

काकूची गोष्ट मात्र संपली नव्हती. पुढच्या वर्षी एक बिऱ्हाड चिंचवडला गेलं. जाताना त्यांच्या स्वयंपाकघरात ते यंत्र पडलेलं होतं, शेवटचं त्यांनीच नेलेलं. इथे आता कोण वापरतंय असं वाटून ते सामानाबरोबर टेम्पोत गेलं. होळीच्या दिवशी काकूनं डाळ शिजवली, गूळ घातला, पुरण घट्ट होईपर्यंत आटवलं, आणि पातेलं उतरवून यंत्र आणायला खाली गेली. यंत्र नाही. पुरण गरम आहे तोवरच वाटावं लागतं, गार झालं की दगड.

"शंभर टक्के झाले होते," ती नानांकडे बघून म्हणाली, "अभिनंदनही झालं होतं. आणि पेटी."

प्रोग्रॅम काढून टाकताना कधी कधी एक प्रश्न येतो : ही सामाईक फाइल आता कुणीच वापरत नाही असं दिसतं, काढू का? चिंचवडच्या बिऱ्हाडाला हाच प्रश्न पडला होता, आणि त्यांनी 'हो' दाबलं. कॉम्प्युटरला असं 'दिसतं' कशावरून? तर विंडोजच्या रजिस्ट्रीत एक यादी असते. सामाईक डीएलएल कोणती आणि तिचे वापरणारे किती, याचा आकडा तिथे मांडलेला. नवा प्रोग्रॅम आला की त्यानं आकडा एकानं वाढवायचा, गेला की कमी करायचा. आकडा मांडायचं काम ज्याचं त्यानं प्रामाणिकपणे करायचं. आपल्याकडच्या ग्रंथालयातल्या वहीत जे होतं, तेच तिथेही होतं.

थोडक्यात, रजिस्टर होतं. नाना रविवारी संध्याकाळीच बरोबर होते. मी हे त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसतं "हं" केलं आणि वहीतली रविवारची नोंद काढून तिच्यापुढे बरोबरची खूण केली.

खरा उपाय गुरुवारी दहा मिनिटांत झाला, आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. या फायली सुट्या आणायच्याच नसतात. व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल असं लांबलचक नाव असलेलं एक पाकीट मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पानावर फुकट मिळतं. ते चालवलं की थोरली, धाकटी आणि त्यांची सगळी भावंडं आपापल्या खोलीत जाऊन बसतात. प्रोग्रॅम विकणाऱ्यानं हे पाकीट सीडीत घालून द्यायचं असतं. आमच्या विकणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर ते आधीपासून असणार; त्याच्याकडे चाललं, त्याला वाटलं जगात सगळ्यांकडे चालेल. ज्याच्या घरी यंत्र पडलेलं असतं, त्याला ते वाड्याचं आहे हे आठवत नाही.

पाकिटं मात्र दोन होती. एकावर एक्स६४, दुसऱ्यावर एक्स८६. माझा हात पुन्हा मोठ्या आकड्याकडे गेला आणि या वेळी चुकून बरोबर गेला. एक्स८६ म्हणजे बत्तीस बिटांचं. १९७८ साली ८०८६ नावाची चिप आली, तिच्या वंशात पुढे २८६, ३८६ वगैरे झाले, आणि साऱ्या घराण्याला आजोबांच्या आकड्यावरून ८६ म्हणायला लागले. म्हणजे या दुनियेत शहाऐंशी हे चौसष्टच्या निम्मं. हेही मी नानांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. लिहिलं नाही.

त्यांनी लिहून घेतलं ते वेगळंच. फाइलच्या नावातला १४० कुठून आला असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की हा त्या व्हिज्युअल स्टुडिओच्या आवृत्तीचा आकडा, १४.० वरून १४०. २०१० सालची दहावी म्हणून १००, २०१२ ची ११०, २०१३ ची १२० आणि २०१५ ची १४०.

"आणि तेरा?"

"तेरावी काढलीच नाही. बारानंतर एकदम चौदा."

नानांचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा उजळला. "स्वतःचं तेरावं स्वतः कोण घालतं?" ते म्हणाले. "शहाणे आहेत." आणि पुढे २०१७, २०१९, २०२२ अशा तीन आवृत्त्या आल्या तरी या फायलींवरचा आकडा १४० च राहिला, चौघांना मिळून एकच पाकीट चालतं, हे कळल्यावर तर त्यांनी 'सामाईक खातं' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

प्रोग्रॅम उघडला. पेटी नाही. खिडकी भरून बारा घरांची कुंडली आली आणि घरांत ग्रहांऐवजी उद्गारचिन्हं, स्वल्पविराम आणि कुठली तरी टोपी घातलेली परदेशी अक्षरं. सीडीतल्या जुन्या मराठी फाँटची फाइलही टाकायची राहिली होती. फाँट नसला तर विंडोज पेटीसुद्धा दाखवत नाही, गुपचूप दुसराच फाँट लावून मोकळं होतं. डीएलएल बरी, निदान तोंडावर नाही म्हणते. फाँट टाकला, आणि परदेशी टोप्या उतरून चंद्र-मंगळ आपापल्या घरी आले.

नानांनी मुलाची जन्मतारीख घातली, वेळ घातली, स्थळ घातलं. कुंडली आली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

"बरोबर आहे?" मी विचारलं.

"असेल. पण पडताळून बघायला पंचांग नको का? शके १९१६ चं." आणि ते फळीवरच्या खिंडाराकडे बघत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या दारातून वकीलकाका बोलत होते. दार आणि दार यांच्यामध्ये सहा फुटांचं अंतर, तरी फोन. नानांचं चालू झाल्याचा वास त्यांना लागला होता, त्यांनी सीडी फोडली होती, शंभर टक्के झाले होते, अभिनंदन झालं होतं, आणि आता एक पेटी आली होती.

"हं," नाना म्हणाले. खुर्चीत ते जरा मागे रेलले. वही उघडली. "एमएसव्हीसीपी... एकशे चाळीस... बरोबर. ओके म्हणा. दुसरी येईल. आली? तिलाही ओके म्हणा. आता घाबरू नका, काही हरवलेलं नाही, तुमच्याकडे ते कधी नव्हतंच. मी सांगतो ते पाकीट आणायचं. शहाऐंशीचं. चौसष्ट दिसेल, त्याला हात लावायचा नाही... मोठं असू दे हो, लहान आहे ते!"

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"सांगतो ना. पण फोनवर नाही, इकडेच या," नाना म्हणाले. "आणि वकीलसाहेब, येताना सोळाचं पंचांग घेऊन या. तुमच्याच कपाटात आहे. तीन वर्षं झाली."